पाळकसाहेब नसतील त्या रविवारी उपासना कशी चालवावी

मराठवाड्यातील अनेक ग्रामीण ख्रिस्ती मंडळ्यांना स्वतःचा पूर्णवेळ पाळक, म्हणजे धर्मगुरू, नसतो. एकाच पाळकाकडे तालुक्याचे ठिकाण आणि त्याभोवतीची बरीच गावे सोपवलेली असतात. त्यामुळे एखाद्या लहान गावी त्यांचा रविवार महिन्यातून एकदा येतो, आणि पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर तोही हुकतो. उरलेल्या रविवारी पवित्र शास्त्र आणि गीतांचे पुस्तक हाती घेऊन पुढे उभे राहण्याची जबाबदारी मंडळीतल्या एखाद्या वडिलांवर (म्हणजे ज्येष्ठ पुढाऱ्यावर), निवृत्त गुरुजींवर, स्त्री मंडळाच्या चिटणीस बाईंवर किंवा कॉलेजात शिकणाऱ्या तरुणावर येते. त्यांनी कशाची तयारी आधी करावी, काय करावे आणि कशाचा मोह टाळावा, हे येथे सांगितले आहे.

सुरुवातीलाच एक कसोटी मनाशी पक्की करावी, कारण पुढचे सगळे निर्णय तिच्यावर उभे राहतात. उपासना जमलेल्या मंडळीची असते आणि पुढे उभा असलेला माणूस तिला वाट करून देतो. तेव्हा एखादे गीत घ्यावे की नाही, प्रार्थना किती लांबवावी, स्पीकर लावावा की नाही, असा प्रश्न पडला की आधी हे पाहावे की त्यामुळे बसलेल्या माणसांच्या तोंडून प्रार्थना, गाणे आणि आमेन निघणार आहे, की ती माणसे नुसती ऐकत बसणार आहेत. करिंथच्या मंडळीला लिहिताना पौलाने हाच मुद्दा धरला होता. एकत्र जमता तेव्हा कोणापाशी स्तोत्र असते, कोणापाशी शिक्षण असते, आणि ते सर्व मंडळीच्या उन्नतीसाठी असावे, असे तो पहिल्या पत्राच्या चौदाव्या अध्यायात सांगतो. जी प्रार्थना शेजारच्याला समजलीच नाही तिच्यावर त्याने आमेन तरी कसे म्हणावे, असेही तो तेथेच विचारतो.

पाळकसाहेब नाहीत म्हणून आजची उपासना कमी प्रतीची, ही समजूत मनातून काढून टाकावी. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण शेषाद्री यांनी पुढे जालन्याजवळ बेथेल हे ख्रिस्ती गाव वसवले आणि त्यासाठी निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून जमीन मिळवली. त्या पिढीपासून आपल्या भागात गावोगावची नित्याची प्रार्थना शाळामास्तरांनी, उपदेशकांनी आणि घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवणाऱ्या स्त्रियांनी सांभाळली. दीक्षित पाळक मोजके होते आणि ते बहुधा दौऱ्यावर असत. आज पुढे उभे राहणारा वडील त्याच परंपरेतले काम करतो. मात्र त्याने आपली मर्यादाही ओळखावी. प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस यांचा विधी) आणि बाप्तिस्मा ही दीक्षित पाळकाची कामे आहेत, आणि कोणी कितीही आग्रह केला तरी आपल्या मंडळीची शिस्त जेथे थांबायला सांगते तेथे थांबावे.

उपासनेचा सांगाडा

उपासनेचा क्रम दर रविवारी नव्याने रचण्याची गरज नाही. इसवी सन १५५ च्या सुमारास रोममध्ये राहणाऱ्या जस्टिन मार्टर याने रविवारच्या सभेचे वर्णन लिहून ठेवले आहे, आणि त्यातला क्रम आजही आपल्याला ओळखीचा वाटतो. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तितके वाचले जात, मग अध्यक्ष त्यावर बोधपर बोलत असे, नंतर सगळे उठून एकत्र प्रार्थना करीत, भाकर आणि द्राक्षारस आणून उपकारस्तुती होई, लोक आमेन म्हणत, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे डीकन, म्हणजे मंडळीचे सेवक, वाटा घेऊन जात. ऐपत असलेले लोक स्वेच्छेने जे देत ते अनाथ, विधवा, आजारी, तुरुंगात असलेले आणि परगावचे पाहुणे यांच्यासाठी ठेवले जाई. पाळक नसलेल्या रविवारी यातले प्रभुभोजन तेवढे वगळावे. बाकी सगळे जसेच्या तसे करता येते.

व्यवहारात क्रम असा ठेवावा. स्तोत्राच्या एका-दोन ओळींनी आमंत्रण द्यावे, एक स्तुतिगीत घ्यावे, पापांगीकार आणि क्षमेचे वचन व्हावे, मग वाचने, स्तोत्र, संदेश, विश्वासांगीकार, मध्यस्थीची म्हणजे इतरांसाठी करायची प्रार्थना, अर्पण, प्रभूची प्रार्थना आणि शेवटी आशीर्वाद मागणारी प्रार्थना. हे सारे सव्वा तासात नीट होते. उन्हाळ्यात पत्र्याच्या छपराखाली दहा वाजता लोकांना बसवणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, म्हणून एप्रिल-मे महिन्यांत सकाळी साडेसातला सुरुवात करावी आणि ठरलेली वेळ पाळावी. गावातली मोठी माणसे अजून आली नाहीत म्हणून गीतामागून गीत घेत वाट पाहण्याची सवय लागली, की वेळेवर येणारेही उशिरा येऊ लागतात.

मंडळीतल्या वेगवेगळ्या रीतींबद्दल थोडे समजून घ्यावे. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे सहा मंडळ्या एकत्र येऊन उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली, तेव्हा छापील प्रार्थनाविधी वापरणारे आणि उत्स्फूर्त प्रार्थना करणारे, बालकांचा बाप्तिस्मा मानणारे आणि प्रौढांचाच मानणारे, असे सगळे एका छपराखाली आले. म्हणून आजही एकाच सतरंजीवर कोणी प्रार्थनेला गुडघे टेकतो, कोणी बसून राहतो, कोणी उभा राहतो. चालवणाऱ्याने यात कोणाला दुरुस्त करायला जाऊ नये. उभे राहायचे की बसायचे हे मात्र त्याने प्रत्येक वेळी स्पष्ट सांगावे, म्हणजे नवखा माणूस अवघडत नाही.

वाचन

कोणते भाग वाचायचे हे शनिवारी रात्री ठरवू नये. मंडळीच्या दिनदर्शिकेत वाचने दिलेली असतील तर तीच घ्यावीत. कॅथलिक मंडळीत आणि अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांत वाचनांचे चक्र तीन वर्षांचे असते. एक वर्ष मत्तय, एक वर्ष मार्क, एक वर्ष लूक, आणि सणांच्या काळात योहान, असे ते फिरते. ठरलेल्या वाचनांचा मोठा फायदा असा की चालवणाऱ्याच्या आवडीची पाच-सहा वचनेच मंडळीला वर्षभर ऐकावी लागत नाहीत. दिनदर्शिका हाताशी नसेल तर एकच शुभवर्तमान घेऊन दर रविवारी क्रमाने पुढे जावे आणि त्यासोबत जुन्या करारातला एक भाग आणि एक स्तोत्र जोडावे.

वाचणाऱ्यांना भाग बुधवारपर्यंत कळवावा आणि त्यांनी तो घरी दोनदा मोठ्याने वाचून यावा, अशी सवय लावावी. आपल्या मराठी शास्त्रातली वाक्ये लांब आहेत आणि पौलाच्या पत्रांत तर एकेक वाक्य अर्धा परिच्छेद चालते. श्वास कोठे घ्यायचा हे आधी ठरलेले नसेल तर अर्थ मध्येच तुटतो. नहेम्याच्या आठव्या अध्यायात एज्रा लाकडी मंचावर उभा राहून नियमशास्त्र वाचतो, लेवी लोकांना त्याचा अर्थ उलगडून देतात आणि लोक हात वर करून आमेन म्हणतात. तो अध्याय प्रत्येक वाचकाने एकदा तरी मन लावून वाचावा.

वाचन नेहमी शिकलेल्या तरुणांकडेच जाते, तसे होऊ देऊ नये. मंडळीत एखादी आजी अशी असते की ती शाळेत कधी गेली नाही, पण तेविसावे स्तोत्र तिला अक्षरन् अक्षर पाठ आहे. स्तोत्राची जागा एखाद्या रविवारी तिला द्यावी. तिला पुढे बोलावून उभे करू नये, तिच्या जागेवरूनच म्हणू द्यावे. अर्ध्याहून अधिक मंडळी तिच्याबरोबर ओठ हलवू लागते, आणि ते स्तोत्र त्या दिवशी खऱ्या अर्थाने सगळ्यांचे होते.

गाणे

गाण्याच्या बाबतीत मराठवाड्यातल्या मंडळीजवळ जे आहे ते फार थोड्यांजवळ असेल. नामदेवांचे नरसी, एकनाथांचे पैठण, जनाबाईंचे गंगाखेड याच भूमीत आहे. भजनाला बसणे, टाळ धरणे, ध्रुपद उचलणे हे येथे कोणाला शिकवावे लागत नाही. नारायण वामन टिळकांनी (१८६१ ते १९१९) १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर अभंग, ओव्या आणि भजने यांतून ख्रिस्ताची स्तुती गायली, आणि त्यांच्याही आधी नगरच्या कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले होते. इंग्रजी चालींवर बसवलेली भाषांतरित गीतेही आपल्या पूर्वजांनी प्रेमाने गायली आणि ती आता आपलीच आहेत. पण ज्या मंडळीत निम्म्या लोकांना पुस्तक वाचता येत नाही किंवा चष्मा नसल्याने दिसत नाही, तेथे भजनाची रचना फार उपयोगी पडते, कारण चरण एकाने म्हणायचा असतो आणि ध्रुपद सगळ्यांनी. एक ओळ पाठ झाली की माणूस गाण्यात सामील होतो.

म्हणून दर रविवारच्या चार गीतांपैकी दोन भजनाच्या घाटाची ठेवावीत, एक ‘उपासना संगीत’ मधले सगळ्यांना येणारे जुने गीत घ्यावे आणि चौथे हवे तर नवे असावे. नवे गीत शिकवताना आधी वाद्ये थांबवावीत. ध्रुपद नुसते बोलून दाखवावे, मंडळीकडून तसेच बोलून घ्यावे, मग वाद्याशिवाय दोनदा गावे, आणि नंतर पेटी धरावी. एका महिन्यात एकाच नव्या गीताची भर घालावी आणि ते लागोपाठ तीन रविवार घ्यावे, नाहीतर ते बसत नाही.

पट्टीकडे विशेष लक्ष द्यावे. गाणारा तरुण आपल्या गळ्याला शोभेल अशा उंच पट्टीत सुरुवात करतो आणि दुसऱ्या चरणात वरच्या स्वरांवर निम्मी मंडळी गप्प होते. दोष मंडळीच्या भक्तीत नसतो, पट्टीत असतो. शनिवारी पेटीवर गीताचा सर्वांत वरचा स्वर कोठे जातो ते पाहावे आणि तो एखाद्या साठीच्या बाईंना ताण न देता लागेल इतकी पट्टी खाली घ्यावी. तबला किंवा ढोलकी वाजवणाऱ्याने आवाज इतकाच ठेवावा की शेजारी बसलेल्या माणसाचा गळा ऐकू येईल, कारण शेजारी गातो आहे हे ऐकूनच लाजरा माणूस गायला धजावतो.

मोबाइलमधून वाजणाऱ्या तयार ट्रॅकबद्दल माझे मत ठाम आहे. वादक नसलेल्या मंडळीला तो सोयीचा वाटतो, पण मंडळी दमली तर ट्रॅक थांबत नाही, एखादे कडवे पुन्हा म्हणावेसे वाटले तर तो परत येत नाही, आणि लोक त्याच्या मागे धावत राहतात. पेटी नसेल तर नुसत्या टाळांवर आणि हातांच्या टाळ्यांवर गावे. चाळीस माणसांच्या खोलीत मोठा साउंड बॉक्स तर मुळीच लावू नये. त्याने गाणाऱ्या तिघांचा आवाज वाढतो आणि उरलेल्या सदतीस जणांचा बुडतो.

सध्या फिरणाऱ्या नव्या गीतांत आनंद, विजय आणि आशीर्वाद भरपूर असतात, पण विलाप जवळजवळ नसतो. स्तोत्रसंहितेत मात्र विलापाची स्तोत्रे फार मोठ्या संख्येने आहेत. ज्या गावात गारपिटीने एका दुपारी हरभरा झोपला आहे, तेथे दुसऱ्या दिवशी केवळ विजयाची गीते गाणे खोटे ठरते. अशा रविवारी तेरावे स्तोत्र वाचावे, हबक्कूकचा तिसरा अध्याय शेवटपर्यंत वाचावा आणि एखादे संथ भजन घ्यावे. देवापुढे रडायला मोकळीक मिळालेली मंडळीच पुढे खऱ्या मनाने उपकारस्तुती करते.

मध्यस्थीची प्रार्थना

उपासनेतला हा भाग सर्वांत जास्त तयारी मागतो आणि त्याचीच तयारी सर्वांत कमी होते. ऐनवेळी उभे राहून केलेली प्रार्थना बहुधा ठरावीक शब्दांच्या रुळावरून धावते, दहा मिनिटे चालते आणि तिच्यात गाव कोठेच दिसत नाही. म्हणून मध्यस्थीची प्रार्थना लिहून काढावी. लिहिल्याने आत्म्याला अटकाव होतो अशी शंका काही जण घेतात. पण शुक्रवारी रात्री एकेका घराचा विचार करत वही घेऊन बसलेल्या माणसालाही पवित्र आत्मा शब्द देतोच.

पाच लहान भाग करावेत. पहिला जगातल्या मंडळीसाठी आणि आपल्या बिशपांसाठी व पाळकांसाठी. दुसरा राज्यकर्ते आणि सर्व अधिकारी यांच्यासाठी, कारण तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात तशी स्पष्ट आज्ञा आहे. त्यात आपला सरपंच, ग्रामसेवक आणि तलाठी यांनाही जागा द्यावी. तिसरा भाग गावासाठी, चौथा आजारी आणि दुःखी यांच्यासाठी, आणि पाचवा भाग पूर्ण एक मिनिट शांततेचा, ज्यात प्रत्येकाने आपल्या मनातले बोलावे. प्रत्येक भागानंतर ‘हे प्रभू’ असे म्हणून थांबावे आणि मंडळीने ‘आमची प्रार्थना ऐक’ असे उत्तर द्यावे. पहिल्या एक-दोन रविवारी आवाज क्षीण येतो, मग तो सवयीचा होतो, आणि लहान मुलेही तो मोठ्याने देऊ लागतात.

गावासाठीचा भाग लिहिताना मोघम शब्द टाळावेत. ‘सर्वांना आशीर्वाद दे’ असे म्हटले की कोणाच्याच डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. पाण्यासाठी तळमळणे म्हणजे काय हे आपल्या मंडळीला सांगावे लागत नाही. तेव्हा पावसाने ओढ दिली असेल तर प्रार्थनेत असे म्हणावे: ‘हे प्रभू, ज्यांनी मृगात पेरले आणि ज्यांच्या बियाण्याने मातीतच जीव सोडला त्यांच्याकडे पाहा. दुबार पेरणीसाठी ज्यांच्याजवळ पैसा उरला नाही त्यांना वाट दाखव. रात्री टँकरची वाट पाहणाऱ्या आयाबहिणींना बळ दे, आणि ज्यांच्या विहिरीला अजून पाणी आहे त्यांचे मन मोठे कर.’ एवढ्या तीन वाक्यांवर मंडळी मनापासून उत्तर देते, कारण प्रत्येक वाक्यात कोणाचे तरी घर आहे.

आजाऱ्यांची नावे घेण्यापूर्वी त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना विचारावे. काही आजार लोकांना चारचौघांत सांगायचे नसतात, आणि देवासमोर म्हणून घेतलेले नाव दुपारपर्यंत गावभर होते. कर्जापायी ज्याच्या घरात कोणी जीव दिला आहे, ते कुटुंब समोर बसलेले असते तेव्हा तर शब्द फार जपून निवडावेत. मृताच्या आत्म्याच्या गतीबद्दल एक अक्षरही बोलू नये, कारण न्याय देवाचा आहे. मागे राहिलेल्यांसाठी सांत्वन मागावे, लेकरांच्या शाळेसाठी आणि घरावरच्या कर्जासाठी प्रार्थना करावी, आणि उपासनेनंतर मंडळीतल्या दोन-तीन जाणत्या माणसांनी त्या घरी जाऊन बसावे. जे बोलून होत नाही ते अशा बसण्याने होते.

संदेश

संदेश पंधरा ते वीस मिनिटांचा असावा आणि एकाच उताऱ्यावर असावा. दीक्षित नसलेल्या माणसाला बोलण्याचा संकोच वाटतो, म्हणून तो दहा ठिकाणची वचने गोळा करतो आणि त्यांची माळ लावतो. त्यापेक्षा एक उतारा सोमवारी हाती घेऊन आठवडाभर त्याच्याबरोबर राहावे. तो तीन वेळा वाचावा. कोण कोणाशी बोलत आहे, ऐकणाऱ्याला त्यात काय खटकले असेल आणि आपल्या गावात ते कोठे घडते, हे तीन प्रश्न विचारावेत आणि उत्तरे लिहावीत.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा दाखला घेतला तर ही रीत स्पष्ट होते. धनी सकाळी, मग दिवस वर आल्यावर, दुपारी, तिसऱ्या प्रहरी आणि अगदी शेवटच्या ताशी बाजारात जातो, आणि दिवसभर रिकामे का उभे आहात असे विचारल्यावर माणसे म्हणतात की आम्हांला कोणी कामाला लावलेच नाही. जालना, परभणी किंवा नांदेडच्या मजूर अड्ड्यावर जो उभा राहिला आहे त्याला हे उत्तर आतून कळते. ऊन चढत जाते, धडधाकट गडी आधी उचलले जातात, वयस्क आणि अशक्त मागे राहतात, आणि रिकाम्या हाताने घरी जाण्याची लाज वाटू लागते. तशा माणसाच्या हातावर पूर्ण दिवसाची मजुरी ठेवणारा धनी, असा देव येशू दाखवतो. संदेश देणाऱ्याने एवढे एक चित्र नीट उभे करावे, मग सकाळपासून राबलेल्यांची कुरकुर आपल्या मनात कशी उठते ते सांगावे, आणि बसावे.

इंटरनेटवर मिळणाऱ्या परदेशी गोष्टी संदेशात घालू नयेत. त्या ऐकायला बऱ्या वाटतात, पण मंडळीला त्यातले ना गाव ओळखीचे असते ना माणूस. त्याहून मोठी जबाबदारी आरोग्य आणि संपत्तीच्या आश्वासनांबाबत आहे. विश्वास ठेवला की आजार जाईल, अर्पण दिले की दुप्पट मिळेल, असे बोलणारे संदेश मोबाइलवर रोज येतात आणि साध्या माणसांना ते गोड वाटतात. कोणीही पुढे उभा राहून असे वचन देऊ नये, आणि कोणाचीही औषधे बंद करायला कधीही सांगू नये. याकोबाने आपल्या पत्रात आजाऱ्यासाठी मंडळीच्या वडिलांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितले आहे. ती प्रार्थना जरूर करावी आणि आजाऱ्याला दवाखान्यात नेण्यासाठी गाडीचीही सोय करावी.

बसण्याची जागा, अर्पण आणि सूचना

सोन्याची अंगठी घातलेल्याला चांगली जागा आणि गरिबाला पायांशी बसवणे याबद्दल याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात जे लिहिले ते आपल्या सतरंजीलाही लागू आहे. खुर्च्या चारच असतील तर त्या गुडघे दुखणाऱ्यांसाठी ठेवाव्यात, पदाधिकाऱ्यांसाठी नव्हे. नवा माणूस आला तर त्याचे आडनाव आणि गाव विचारून त्याची जात शोधू नये. त्याला सलाम करावा आणि कोणाच्या तरी शेजारी बसवावे.

अर्पण दोन वेगळ्या घरांतल्या माणसांनी तेथेच मोजावे, वहीत लिहावे आणि दोघांनी सही करावी. पौलाने यरुशलेमेसाठी गोळा केलेली रक्कम नेताना सोबत विश्वासू माणसे घेतली होती आणि त्याचे कारणही स्पष्ट सांगितले होते, की देवासमोरच काय, माणसांसमोरही व्यवहार स्वच्छ दिसावा. हंगामाच्या सणाला ज्वारी, तूर, भाज्या, कोंबड्या येतात आणि त्यांचा लिलाव होतो. ती आपली सुंदर चाल आहे. लिलाव आशीर्वादानंतर अंगणात करावा, म्हणजे ज्याने मूठभर तीळ आणले त्याचे अर्पणही वेदीसमोर मोठ्या पोत्याइतकेच मानाचे राहते. सूचना अगदी शेवटी, दोन मिनिटांत द्याव्यात.

जे येऊ शकत नाहीत त्यांच्यासाठी

बीड आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या मंडळ्यांना एक गोष्ट दरवर्षी सोसावी लागते. दसऱ्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात निघून जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. नवरा-बायको मिळून एक कोयता मोजला जातो, आणि मागे राहतात म्हातारी माणसे व शाळेतली मुले. नाताळच्या उपासनेला निम्मी सतरंजी रिकामी असते. अशा मंडळीने निघण्याच्या आधीच्या रविवारी निरोपाची प्रार्थना ठेवावी, एकशे एकविसावे स्तोत्र वाचावे, जाणाऱ्या प्रत्येक जोडप्याचे नाव घ्यावे आणि ते कोणत्या कारखान्याला चालले आहेत हे वहीत लिहावे. मागे राहिलेले प्रत्येक घर मंडळीतल्या एकेका कुटुंबाकडे सोपवावे. त्या कुटुंबाने आठवड्यातून एकदा जाऊन आजीच्या गोळ्या संपल्या का, मुले शाळेत जातात का, हे पाहावे. फडावर असलेल्यांना रविवारी संध्याकाळी फोन लावून त्या दिवशीचे वाचन ऐकवता येते. २०२० च्या टाळेबंदीत आपण सगळे मोबाइलवर उपासना करायला शिकलो, त्या शिकण्याचा याहून चांगला उपयोग मला दिसत नाही.

गावातल्याच अंथरुणाला खिळलेल्यांकडे मात्र फोनवर भागवू नये. उपासना सुटल्यावर दोघांनी जावे, त्या दिवशीचे स्तोत्र वाचावे, एक भजन म्हणावे, थोडक्यात प्रार्थना करावी आणि पंधरा मिनिटांत उठावे. ज्यांना प्रभुभोजनाची ओढ आहे त्यांची नावे टिपून घ्यावीत.

या सगळ्यासाठी मंडळीची एक उपासना वही असावी. तिच्यात दर रविवारी तारीख, वाचलेले भाग, घेतलेली गीते, संदेश कोणी दिला, उपस्थिती, अर्पणाची रक्कम, कोणाच्या घरी भेट दिली आणि कोण आजारी आहे, एवढे लिहून ठेवावे. पुढच्या रविवारी जो चालवणार आहे त्याला ती वही त्याच दिवशी द्यावी, आणि पाळकसाहेब येतील त्या सकाळी ती त्यांच्या हाती सर्वांत आधी ठेवावी, म्हणजे उपासनेपूर्वीच त्यांना कळते की प्रभुभोजन घेऊन आज कोणकोणत्या घरी जायचे आहे.